भिंतीवरची डबी आणि बॉयलरजवळची डबी

ऑक्टोबरचा शेवटचा रविवार उलटतो, ब्रिटनमधली घड्याळे तासभर मागे जातात आणि इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर दरवर्षीचा प्रश्न येऊन पडतो: 'घर तापत नाहीये. थर्मोस्टॅट गेलाय बहुतेक. कोणता घेऊ?' खाली धडाधड उत्तरे येतात, आणि बहुतेकांत नुसती कंपन्यांची नावे असतात. गेलाय तो थर्मोस्टॅटच कशावरून, हे सहसा कोणी विचारत नाही. त्यात भारतातून आईबाबा आलेले असले, स्वेटरवर शाल गुंडाळून सोफ्याच्या कोपऱ्यात बसलेले असले, तर घाई आणखी वाढते. रात्री ऑर्डर, दुसऱ्या दिवशी खोके दारात. खोक्यातून मात्र दोन वस्तू निघतात, आणि त्यातली दुसरी हातात घेऊन माणूस बॉयलरसमोर उभा राहतो. वायरलेस म्हटल्यावर वायरींना हात लावावा लागणार नाही, अशी त्याची समजूत असते.

हा लेख त्याच्यासाठी आहे. गॅसवरचा बॉयलर, त्याच्या गरम पाण्यावर तापणारे रेडिएटर आणि वायरलेस थर्मोस्टॅट, अशी ब्रिटनमधली नेहमीची घरे इथे गृहीत धरली आहेत. तुमच्याकडे हीट पंप असेल किंवा विजेचे स्टोरेज हीटर असतील तर पुढचे बरेचसे लागू होणार नाही.

दोन डब्या, दोन कामे

बैठकीच्या खोलीत भिंतीवर किंवा टेबलावरच्या स्टँडवर असते ती डबी म्हणजे थर्मोस्टॅट. तिच्यात तापमान मोजणारा बारीकसा सेन्सर, दोन पेन्सिल सेल आणि रेडिओवरून निरोप पाठवण्याची सोय, एवढेच असते. खोली ठरवलेल्या तापमानाखाली गेली की ती 'उष्णता हवी' म्हणून कळवते. दुसरी डबी रिसीव्हरची. ती बॉयलरशेजारी किंवा गरम पाण्याची टाकी असलेल्या कपाटात बसवलेली असते. निरोप पोचला की तिच्यातला रिले, म्हणजे विजेने आपोआप दाबले जाणारे बटण, 'खट्' आवाज करून जोडला जातो आणि बॉयलरला पेटण्याचा इशारा मिळतो. हे बोलणे बहुधा ८६८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते. जुन्या काही जोड्या ४३३ वर बोलतात. प्रत्येक जोडीची ओळख वेगळी असते, म्हणून शेजाऱ्यांच्या थर्मोस्टॅटने तुमचा बॉयलर पेटत नाही.

भिंतीवरच्या डबीत सगळे मिळून तीन व्होल्ट. बॉयलरजवळच्या डबीत २३० व्होल्ट, म्हणजे पुण्या-मुंबईच्या घरात असते तेवढेच व्होल्टेज. लोक ज्याला थर्मोस्टॅट बदलणे म्हणतात ते खरे काम या दुसऱ्या डबीत आहे. पहिली तर स्टँडवर नुसती टेकवायची असते. म्हणून बिघाड कोणत्या डबीत आहे, की दोन्हींत नाहीच, हे खरेदीच्या आधी ठरवले पाहिजे.

आधी बिघाड कुठे आहे ते पाहा

सुरुवात बॉयलरपासून करा. त्याच्या पडद्यावर काही अक्षरे-आकडे लुकलुकत असतील तर ती माहितीपुस्तिकेत शोधा. थर्मोस्टॅट बिघडला म्हणून बॉयलर सहसा बिघाडाचा कोड दाखवत नाही. पाण्याचा दाब बघा. यंत्रणा थंड असताना काटा एक ते दीड बारच्या दरम्यान हवा. फार खाली गेला की बॉयलर स्वतःच संप पुकारतो. कडाक्याच्या थंडीत बॉयलरमधून बाहेर जाणारी पांढरी प्लॅस्टिकची नळी गोठते आणि आतून गुळगुळ आवाज येतो. तोही थर्मोस्टॅटचा दोष नव्हे. प्रीपेड मीटर असेल तर त्यात पैसे शिल्लक आहेत का ते बघायला लाजू नका. आणि घड्याळे बदलल्याच्या आठवड्यात तक्रार 'सकाळी तासभर उशिरा सुरू होते' किंवा 'फार लवकर सुरू होते' अशी असेल, तर जुन्या प्रोग्रामरचे घड्याळ कोणी बदललेलेच नाही, एवढाच त्याचा अर्थ.

घरात कॉम्बी बॉयलर असेल, म्हणजे गरम पाण्याची वेगळी टाकी नसेल, तर स्वयंपाकघरातला गरम पाण्याचा नळ सोडा. नळाला गरम पाणी येते पण रेडिएटर थंड, असे असेल तर बॉयलर पेटू शकतो हे नक्की झाले. आता संशय थर्मोस्टॅट, रिसीव्हर, त्यांच्या वायरी आणि बॉयलरमधला पाणी इकडे-तिकडे वळवणारा व्हॉल्व्ह यांच्यापुरता उरतो.

मग थर्मोस्टॅट हातात घ्या आणि तापमान खोलीपेक्षा पाच-सहा अंशांनी वर न्या. त्याच्या पडद्यावर ज्वाळेचे किंवा रेडिएटरचे चिन्ह उमटायला हवे. पडदाच कोरा असेल तर सेल बदला, आणि बदलताना सेलच्या कप्प्यातल्या पट्ट्या बघा. गळलेल्या सेलचा हिरवट-पांढरा थर त्यांच्यावर साचलेला असतो. तो सुक्या फडक्याने खरवडून काढला की कितीतरी 'मेलेले' थर्मोस्टॅट जिवंत होतात. सेल चांगले, अल्कलाइन घाला. रिचार्ज होणारे सेल १.२ व्होल्टचे असतात आणि अनेक थर्मोस्टॅट त्यांना पहिल्या दिवसापासूनच 'संपत आलेले' समजतात.

चिन्ह उमटले? आता कोणाला तरी रिसीव्हरजवळ उभे करा. तिथला दिवा लागला आणि खट् आवाज आला तर निरोप पोचतो आहे. दिवा लागला नाही तर थर्मोस्टॅट रिसीव्हरपासून मीटर-दोन मीटरवर नेऊन पुन्हा करून बघा. अगदी चिकटवू नका. जवळून चालते आणि बैठकीतून चालत नाही, असे दिसले तर दोष दोन्ही डब्यांत नाही, मधल्या वाटेत आहे. नवा आरसा, फ्रिज, धातूचे कपाट, पाठीला चकचकीत पन्नी असलेली इन्सुलेटेड भिंत, यातले काही मध्ये आले असेल. उन्हाळ्यात स्वयंपाकघराचे काम करून घेतले आणि हिवाळ्यात हीटिंग बंद पडले, ही जोडी वारंवार दिसते: नवा फ्रिज नेमका रिसीव्हरच्या समोर आलेला असतो.

बऱ्याच रिसीव्हरवर हाताने चालू-बंद करायचे एक बटण असते आणि निदानासाठी त्याच्याइतके उपयोगी दुसरे काही नाही. ते दाबल्यावर बॉयलर पेटला तर रिसीव्हर आणि पुढची सगळी जोडणी ठीक आहे. दोष थर्मोस्टॅटमध्ये किंवा दोघांच्या बोलण्यात आहे. शिवाय त्या बटणावर दोन-चार दिवस घर गरम ठेवता येते, त्यामुळे घाईने मिळेल ते विकत घ्यायची गरज उरत नाही. दिवा लागतो, खट् होते आणि तरी बॉयलर ढिम्म, असे असेल तर मात्र रिलेचा संपर्क, वायरी, किंवा टाकी असलेल्या घरात मोटरवर चालणारा व्हॉल्व्ह, यांपैकी काहीतरी. हा व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर त्याच्यातल्या बारीक स्विचमधून बॉयलरला इशारा जातो. तो अर्ध्यावर अडकला की थर्मोस्टॅट कितीही नवा आणा, घर थंडच राहते.

उलट तक्रारही असते: हीटिंग बंदच होत नाही. थर्मोस्टॅट पाच अंशांवर आणा. रिसीव्हरचा दिवा विझला, पण अर्ध्या तासानंतरही बॉयलर रेडिएटर तापवतोच आहे, तर रिलेच्या आतले संपर्क एकमेकांना चिकटले असण्याची शक्यता मोठी. (पंप काही मिनिटे फिरत राहणे मात्र ठीक, बॉयलरमधली उरलेली उष्णता बाहेर काढायला तो मुद्दाम चालू राहतो.) चिकटलेला रिले डबीवर टपली मारून सुटतो, असे सांगणारे भेटतील. सुटतोही, दोन दिवसांसाठी. तो रिसीव्हर बदलायचाच.

कोणी हात लावायचा?

भाड्याचे घर असेल तर विषय इथेच संपतो. इंग्लंडमध्ये १९८५ च्या घरमालक-भाडेकरू कायद्याच्या अकराव्या कलमानुसार घर आणि पाणी गरम करणारी यंत्रणा दुरुस्त ठेवणे ही सर्वसाधारण भाडेकरारात घरमालकाची जबाबदारी आहे. एजंटला फोन करा, पाठोपाठ ईमेल करा, वरच्या चाचण्यांत काय दिसले ते त्यात लिहा. 'हीटिंग चालत नाही' यापेक्षा 'थर्मोस्टॅटवर ज्वाळेचे चिन्ह येते, पण रिसीव्हरचा दिवा लागत नाही' हे वाक्य दुरुस्तीवाल्याच्या फार कामाचे असते, एक फेरी वाचते. स्वतः स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसू नका. काही जळले तर डिपॉझिट तुमचे.

घर स्वतःचे असेल तर एक रेघ स्पष्ट आहे. गॅसचे काम गॅस सेफ रजिस्टरवर नाव असलेल्या इंजिनिअरनेच करायचे; २००९ पासून ब्रिटनमध्ये कॉर्गी या जुन्या नोंदवहीच्या जागी हीच आहे. आजच्या बॉयलरमध्ये पुढचे झाकण हे ज्वलनाचा कप्पा हवाबंद ठेवण्याचा भाग असू शकते, म्हणून ते काढणे हेसुद्धा आपले काम नाही. रिसीव्हर बॉयलरच्या बाहेर, स्वतःच्या डबीत असेल आणि जुन्या वायरी काढून तशाच नव्या डबीत बसवायच्या असतील, तर विजेच्या कामाची सवय असलेला घरमालक ते करू शकतो. अशी जशास तशी बदली इंग्लंडमध्ये स्थानिक कार्यालयाला कळवण्याच्या कामांत सहसा मोडत नाही. पण रिसीव्हर बॉयलरच्या आतच खोचलेला असेल, किंवा नव्या वायरी बॉयलरच्या आत न्याव्या लागणार असतील, तर थांबा. आणि वायरींचे काम तुम्ही कधी केलेलेच नसेल तर यूट्यूबवर बघून आज सुरू करू नका. रिसीव्हर बदलून देणे हे माहीतगार माणसाचे तासाभराचे काम आहे. ते पैसे वाया जात नाहीत.

काम करताना गॅसचा वास आला तर बटणे चालू-बंद न करता खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि ०८०० १११ ९९९ वर फोन करा.

काय विकत घ्यायचे

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे तेच मॉडेल. जुन्या डबीच्या मागचा नंबर वाचा आणि तोच शोधा. एकाच मॉडेलची निम्मी जोडीही कधीकधी सुटी मिळते. वेगळ्या कंपनीचा थर्मोस्टॅट मात्र जुन्या रिसीव्हरशी बोलणार नाही; दोघांची वारंवारता एक असली तरी भाषा एक नसते. म्हणून कंपनी बदलली की जोडी बदलायची.

तेच मॉडेल मिळत नसेल तर तीन गोष्टी पाहा. पहिली, चॅनेल किती. कॉम्बीला एक चॅनेल पुरते. टाकी असलेल्या घरात हीटिंग आणि गरम पाणी यांच्या वेळा वेगळ्या ठेवायच्या असतात. जुना रिसीव्हर दोन चॅनेलचा असेल तर नवाही तसाच हवा. दुसरी, पाठीमागची प्लेट. ब्रिटनमध्ये प्रोग्रामर आणि रिसीव्हरसाठी एक सर्वमान्य घाटाची भिंतीवरची प्लेट प्रचारात आहे. अनेक कंपन्यांची यंत्रे तिच्यावर चपखल बसतात आणि तेव्हा काम खालचे दोन स्क्रू सैल करून जुनी डबी उचलण्याइतके हलके होते. पण प्लेट तीच म्हणून प्रत्येक खाचेचा अर्थही तोच, असे धरून चालू नका. दोन्ही यंत्रांच्या आकृत्या शेजारी ठेवून ताडून पाहा. तिसरी, जुना थर्मोस्टॅट बॉयलरला नुसता चालू-बंद सांगत होता की ओपनथर्मसारख्या पद्धतीने किती तापायचे तेही सांगत होता. ओपनथर्म दोन बारीक वायरींवर, कमी व्होल्टेजवर चालते आणि ज्योत लहान-मोठी करते. त्याच्या जागी साधा चालू-बंद थर्मोस्टॅट बसवता येतो, पण तो बॉयलरवरच्या वेगळ्या खाचांत जोडावा लागतो आणि बचतीचा भाग जातो. शिवाय एप्रिल २०१८ नंतर इंग्लंडमध्ये बसवलेल्या कॉम्बीला उष्णता-बचतीची एखादी जादा सोय देणे नियमाने आवश्यक झाले. तुमच्याकडे ती सोय म्हणूनच स्मार्ट थर्मोस्टॅट आला असेल, तर त्याच्या जागी साधा बसवणे म्हणजे मागे जाणे होईल.

स्मार्ट घ्यावा का? ज्यांच्या घरी येण्याजाण्याच्या वेळा रोज बदलतात त्यांनी जरूर घ्यावा. दिवसभर घरात माणसे असतील तर मला साधी, दोन बटणांची, ठसठशीत आकड्यांची डबी जास्त आवडते. आजी-आजोबांना ती चष्मा न शोधता वापरता येते आणि इंटरनेट गेले म्हणून घर थंड पडत नाही. स्मार्ट डबीचे आयुष्य कंपनीच्या मर्जीवरही अवलंबून असते. गूगलने नेस्टच्या पहिल्या दोन पिढ्यांच्या लर्निंग थर्मोस्टॅटचा ॲपचा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये काढून घेतला. त्यात युरोपात २०१४ साली आलेले मॉडेलही होते. डब्या भिंतीवर हाताने चालत राहिल्या, पण ज्यासाठी जास्त पैसे मोजले होते ते फोनवरचे नियंत्रण गेले.

रिसीव्हर उघडल्यावर

इथे सावकाश वाचा.

भारतात आपण मेन स्विच किंवा एमसीबी पाडतो. ब्रिटनमध्ये बॉयलरला बहुधा स्वतःचे वेगळे बटण असते, त्यातच छोटा फ्यूज असतो, साधारण तीन अँपिअरचा. ते बंद करा, फ्यूजचा कप्पा बाहेर ओढा आणि फ्यूज खिशात टाका, म्हणजे घरातले कोणी 'अरे, हे बटण का बंद?' म्हणून चालू करणार नाही. टाकी असलेल्या घरात एखादी वायर दुसऱ्याच सर्किटवरून आलेली असू शकते, म्हणून बटण बंद केले यावर विसंबू नका. प्रत्येक खाच तपासा, आणि तीही आपल्या घरोघरी ड्रॉवरमध्ये असतो त्या निऑनच्या टेस्टरने नव्हे. तो दिवा करंट नसताना मिणमिणतो आणि असताना कधी लागतही नाही. दोन टोकांचा व्होल्टेज टेस्टर आणा. आधी तो चालू सॉकेटवर चालतो हे बघा, मग रिसीव्हरचे झाकण काढून त्याच्या खाचांवर लावा, मग पुन्हा चालू सॉकेटवर. शेवटची पायरी वगळू नका. मधल्या मिनिटात टेस्टरच मेला असेल तर ते तिथेच कळते.

आता कशालाही हात लावण्याआधी फोटो घ्या. एक लांबून, दोन जवळून, अक्षरे वाचता येतील असे. मग प्रत्येक वायरवर कागदी टेपचा तुकडा गुंडाळून ती कोणत्या अक्षराच्या खाचेत होती ते लिहा. रंगावर जाऊ नका, आणि भारतात वायरिंग शिकलेल्याने तर मुळीच नाही. ब्रिटनमध्ये २००४ पासून नव्या वायरिंगमध्ये फेज तपकिरी आणि न्यूट्रल निळा. त्याआधीच्या घरांत लाल आणि काळा. आपल्याकडे निळा हा तीन फेजपैकी एकाचा रंग. त्यात भर म्हणजे हीटिंगच्या केबलमध्ये निळी वायर बरेचदा न्यूट्रल नसतेच. ती रिलेतून परत जाणारी, बॉयलर पेटवणारी जिवंत वायर असते. तिच्यावर तपकिरी नळी चढवून ते दाखवायचे असते, पण घाईत काम केलेल्या वायरमनने ती चढवलेली नसते.

रिसीव्हरवर बहुधा पाच खाचा दिसतील. एल आणि एन या खुद्द रिसीव्हरला वीज देण्यासाठी. कॉम, एनओ आणि एनसी या रिलेच्या. उष्णता हवी असते तेव्हा कॉम आणि एनओ जोडले जातात. घरच्या हीटिंगमध्ये याच दोन कामाच्या. एनसी बहुतेक घरांत रिकामी असते, आणि तिथे चुकून वायर लावली तर हीटिंग उलटे चालते: खोली तापली की सुरू, थंड पडली की बंद.

सगळ्यात नीट पाहायची गोष्ट बोटाच्या पेराएवढी असते. एल आणि कॉम यांच्यामध्ये जोडलेला छोटासा वायरीचा तुकडा. तो असेल तर रिसीव्हर २३० व्होल्ट घेतो आणि इशारा म्हणून तेच २३० व्होल्ट बॉयलरला किंवा व्हॉल्व्हला पाठवतो. तो नसेल तर रिले बॉयलरच्या दोन वायरी नुसत्या एकमेकींना जोडतो, स्वतःची वीज त्यात घालत नाही. काही बॉयलरमध्ये या दोन वायरींवर फक्त कमी व्होल्टेज असते. जुन्या जोडणीत तुकडा नव्हता आणि 'नव्याच्या आकृतीत दाखवलाय' म्हणून तुम्ही तो घातला, तर बॉयलरच्या कंट्रोल बोर्डात २३० व्होल्ट शिरतील आणि बोर्ड जळेल. नव्या बोर्डाचा खर्च थर्मोस्टॅटच्या कितीतरी पट. उलट, तुकडा होता आणि घातला नाही, तर काही जळणार नाही, फक्त बॉयलर पेटणार नाही. काही नव्या रिसीव्हरमध्ये हा तुकडा कारखान्यातूनच लावून येतो आणि काहींमध्ये आतूनच जोडलेला असतो, काढताच येत नाही. अशी डबी कमी व्होल्टेजच्या जोडणीला चालणार नाही. म्हणून खरेदी करण्याआधी जुने झाकण उघडून (वीज बंद करून, तपासून) हा तुकडा आहे की नाही ते बघणे, हे या सगळ्या कामातले सर्वांत शहाणपणाचे पाऊल. जुना रिसीव्हर काय करतो ते तुम्हाला समजत नसेल तर फोटो घेऊन झाकण परत लावा आणि इंजिनिअरला बोलवा.

समजत असेल तर पुढचे सोपे आहे. वायरी नव्या डबीत अक्षरानुसार लावा, जागेनुसार नाही. एका कंपनीची डावीकडून तिसरी खाच दुसऱ्या कंपनीत पहिली असते. तांब्याचा उघडा भाग खाचेबाहेर दिसता कामा नये. स्क्रू आवळल्यावर प्रत्येक वायर एकदा ओढून बघा. सैल वायर तापते, आणि जुने रिसीव्हर तपकिरी डाग पडून मरतात त्याचे हेही एक कारण. हिरवी-पिवळी अर्थची वायर रिसीव्हरला लागत नसली तरी तोडू नका. तिच्यासाठी दिलेल्या खाचेत बसवून ठेवा.

जोडी जमवणे आणि जागा

झाकण लावा, मगच फ्यूज घाला. एकत्र विकलेल्या जोड्या बहुधा कारखान्यातूनच एकमेकांना ओळखतात. ओळखत नसतील तर रिसीव्हरचे बटण दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरायचे आणि थर्मोस्टॅटवर पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे शोध सुरू करायचा. हे थर्मोस्टॅट भिंतीला ठोकण्याआधी करा आणि एक दिवस तो स्टँडवरच ठेवून निरोप नीट पोचतो का ते पाहा.

त्याची जागा जमिनीपासून साधारण दीड मीटरवर, हवा खेळती असेल अशा आतल्या भिंतीवर. रेडिएटरच्या वर, टीव्हीमागे, दुपारचे ऊन येते तिथे, दाराच्या झोतात किंवा फोडण्या बसतात त्या स्वयंपाकघरात नको. थर्मोस्टॅट असलेल्या खोलीत रेडिएटरला आकडे असलेला आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह असेल तर तो पूर्ण उघडा ठेवा. नाहीतर व्हॉल्व्ह रेडिएटर बंद करतो, खोली ठरलेल्या तापमानाला पोचत नाही, थर्मोस्टॅट 'अजून हवी' म्हणत राहतो आणि वरच्या मजल्यावरच्या खोल्या भट्टी होतात.

मग परीक्षा: तापमान वर, खट्, बॉयलर पेटला, पाच-दहा मिनिटांत रेडिएटर कोमट. तापमान खाली, खट्, ज्योत विझली. दोन्ही बाजूंनी बघा. पेटला की समाधान मानून लोक उठतात आणि बंद होत नाही हे महिन्याच्या बिलात कळते.

घरातल्यांना एक गोष्ट सांगून ठेवा. आकडा तीसवर नेल्याने खोली लवकर तापत नाही. लिफ्टचे बटण दहादा दाबल्याने ती लवकर येत नाही, तसेच. वीस-एकवीसवर ठेवून वाट पाहायची. जागतिक आरोग्य संघटना थंडीत घरात किमान १८ अंश राखायला सांगते; वयस्कर माणसे आणि तान्ही बाळे असतील तर त्याहून थोडे वरच ठेवा. महाराष्ट्रात हिवाळा काढायला घर बंद करून जाणार असाल तर हीटिंग पूर्ण बंद करून जाऊ नका. थर्मोस्टॅट गोठणरोधी तापमानावर, निदान पाच अंशांवर ठेवा, नवे सेल घालून. सेल संपले तर ती सोयही संपते आणि परत आल्यावर फुटलेला पाइप भेटतो.

जुने सेल आणि डब्या घरच्या कचऱ्यात टाकू नका. वर्षाला ३२ किलोहून जास्त सेल विकणाऱ्या दुकानांना जुने सेल परत घ्यावेच लागतात, त्यामुळे जवळच्या सुपरमार्केटच्या दाराशी पेटी असतेच. डब्या काउन्सिलच्या रिसायकलिंग केंद्रावर द्या. नव्या यंत्राची पुस्तिका आणि जोडणीचे फोटो बॉयलरजवळच्या कपाटात ठेवा, पुढच्या माणसाला लागतील.

आणि पुढच्या वर्षी नोव्हेंबरची वाट पाहू नका. सप्टेंबरातल्या एखाद्या शनिवारी थर्मोस्टॅट पंचवीसवर न्या, खट् ऐका, दहा मिनिटे बॉयलर चालू द्या आणि पुन्हा खाली आणा. बिघाड असलाच तर तेव्हा कळू द्या. थंडी पडली की गॅस सेफवाल्यांच्या तारखा मिळत नाहीत.